एका म्यानात दोन तलवारी

संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्या माणसाला एक ओळ कधी ना कधी भेटतेच : ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. म्हणजे, हा पत्ता आधीच कुणाच्या तरी वापरात आहे. लिनक्समध्ये या तक्रारीला ९८ हा क्रमांक आहे. नवा प्रोग्राम सुरू करायला जावं, तर यंत्र एवढं बोलून त्याला दारातूनच परत पाठवतं. ही ओळ नेमकी घाईच्या वेळी दिसते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा राग असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र एक वेगळीच गोष्ट घडू लागली आहे. जिथे ही ओळ यायला हवी तिथे ती येत नाही. एका दारावर दोन धनी बसतात, दोघंही येणाऱ्याला उत्तरं देतात, आणि असं काही चाललंय याची कुणाला गंधवार्ताही नसते.

हे असं का झालं याचा मागोवा घेताना मी जुन्या नियमावल्या, लिनक्सची मूळ संहिता आणि तिच्यावरच्या टिपा वाचत गेलो. त्यातून माझं एक मत बनलं, ते आधीच सांगून टाकतो. यात कुणाचाही निष्काळजीपणा नाही. ‘एका दारावर एकच धनी’ हा नियम चाळीस वर्षांत टप्प्याटप्प्याने सैल होत गेला, आणि दर वेळी त्यामागचं कारण रास्त होतं. मात्र त्या नियमाच्या आडोशाने आणखी एक हमी आपल्याला फुकट मिळत होती, हे सैल करताना फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चाळीचा पत्ता, खोलीचा नंबर

संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. पण एकाच यंत्रावर वेबसाइट दाखवणारा, टपाल स्वीकारणारा, माहितीसाठा सांभाळणारा असे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात. आलेला निरोप यांपैकी कुणाचा? पोस्टमनने चाळीचा पत्ता शोधून काढला तरी पुढे खोलीचा नंबर लागतोच. संगणकाच्या चाळीतल्या या खोली नंबराला पोर्ट म्हणतात. तो १६ बिटांचा आकडा असतो, त्यामुळे ० ते ६५,५३५ एवढेच नंबर उपलब्ध आहेत. वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, टपालासाठी २५ हे नंबर ठरून गेलेले आहेत.

ते ठरले कसे, तर एका माणसाच्या वहीत. १९६९च्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अर्पानेट या जाळ्यात चार ठिकाणची यंत्रं होती. पुढे ती वाढली आणि कुठल्या क्रमांकावर कुठली सेवा मिळेल याचा घोळ सुरू झाला. मार्च १९७२मध्ये व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल या दोन तरुणांनी सगळ्या केंद्रांना एक टिपण पाठवून विचारलं, की तुमच्याकडे कोणकोणते क्रमांक वापरात आहेत ते कळवा. दोनच महिन्यांनी, मे १९७२मध्ये, पोस्टेल यांनी दुसरं टिपण काढलं : अधिकृत क्रमांक वाटून देणारा कुणी एक सर्वाधिकारी असावा. आणि तो बहुधा मीच, असं कंसात प्रश्नचिन्ह घालून सुचवलं. थट्टेच्या सुरात मांडलेली ती सूचना खरी ठरली. ऑक्टोबर १९९८मध्ये निधन होईपर्यंत पोस्टेल ही नोंदवही सांभाळत होते.

या वहीच्या खुणा आजही दिसतात. जुन्या व्यवस्थेत एका संभाषणासाठी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन क्रमांक लागत, एक सम आणि एक विषम. पुढे एकच पुरेसा झाला तेव्हा विषम तेवढे मागे राहिले. म्हणून फाइल पाठवण्याचं पोर्ट २१, टेलनेटचं २३ आणि टपालाचं २५. मधला २२ रिकामा होता. १९९५मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी टेलनेटच्या जागी येऊ शकेल असा सुरक्षित प्रोग्राम लिहिला आणि साध्या ईमेलने तो क्रमांक मागितला. दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळाला.

पण ही वही काय सांगते आणि काय सांगत नाही, ते नीट पाहायला हवं. टपालाची खोली २५ नंबरची, एवढंच ती सांगते. तुमच्या चाळीत त्या खोलीत प्रत्यक्ष कोण राहतं, एक बिऱ्हाड आहे की दोन, हे तिला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. ते पाहणं त्या त्या यंत्राच्या कार्यप्रणालीचं काम आहे.

१९८३ : ताबा देणारी आज्ञा

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी ही आजची पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. बिल जॉय यांनी सुरू केलेलं हे काम, ते १९८२मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेल्यावर सॅम लेफ्लर यांनी तडीला नेलं. जाळ्यावर बोलू इच्छिणाऱ्या प्रोग्रामांसाठी या आवृत्तीने ज्या आज्ञा घालून दिल्या, त्या आज जवळजवळ जशाच्या तशा जगभर चालतात. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. ‘बाइंड’ म्हणजे हा खोली नंबर मला द्या. ‘लिसन’ म्हणजे आता मी दाराशी बसलो, येणाऱ्यांना पाठवा.

बाइंडचा मूळ नियम सरळ होता. एखाद्या प्रोसेसने एक पोर्ट घेतलं असेल, तर दुसऱ्या प्रोसेसला ते मिळणार नाही. दुसरी आली तर तिला ती कुप्रसिद्ध ओळ ऐकवायची. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे यंत्राच्या भाषेत सांगण्याची ती रीत होती.

या नियमाने प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम दिली. पहिला प्रश्न, हा पत्ता कुणाचा? दुसरा, या सर्व्हरची या यंत्रावर एकच प्रत चालू आहे ना? नियम केला होता पहिल्या प्रश्नासाठी. पण सर्व्हर चुकून दोनदा सुरू केला तर दुसरी प्रत पोर्ट न मिळाल्याने आपोआप मरत असे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही फुकटात मिळून जाई. सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी दुसऱ्या प्रतीचा वेगळा बंदोबस्त कधी केलाच नाही, कारण तशी गरजच पडली नाही.

पहिली सवलत : गेलेल्या भाडेकरूची पत्रं

नियम पहिल्यांदा सैल करावा लागला तो टीसीपीच्या एका शहाणपणामुळे. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याच्या नावची पत्रं काही दिवस येत राहतात. त्या खोलीत लगेच नवा माणूस आला तर जुन्याचं पत्र नव्याच्या हाती पडायचं. जाळ्यावरही असंच होतं. रस्त्यात रेंगाळलेली पुडकी संभाषण संपल्यावर उगवतात. सप्टेंबर १९८१च्या टीसीपीच्या नियमावलीने यावर तोडगा काढला. जी बाजू संभाषण आधी मिटवते तिने त्या जोडणीची आठवण काही काळ धरून ठेवायची. हा काळ पुडक्याच्या कमाल आयुष्याच्या दुप्पट. नियमावलीने आयुष्य दोन मिनिटं मानलं, म्हणजे एकूण चार मिनिटं झाली. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. या अवस्थेला टाइम-वेट म्हणतात.

अडचण अशी, की सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा सुरू केला तर त्या रेंगाळलेल्या आठवणींमुळे बाइंड नकार देई. खोलीत कुणीही नाही, तरी कुलूप लावलेलं. बँकेचा किंवा इस्पितळाचा सर्व्हर कोसळला असेल तर तेवढी मिनिटं हात बांधून बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून बीएसडीमध्ये ‘रीयूज-अ‍ॅड्रेस’ नावाचा पर्याय होता. तो लावला की टाइम-वेटमधल्या जुन्या जोडण्यांकडे दुर्लक्ष करून पोर्ट दिलं जाई. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंगवरच्या पुस्तकाने प्रोग्रामरांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. प्रत्येक टीसीपी सर्व्हरने हा पर्याय लावावा, असा त्या पुस्तकाचा स्पष्ट सल्ला आहे, आणि तो आजही योग्य आहे.

या सवलतीने एकच धनी हा नियम मोडला का? लिनक्सपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते कसं हे पाहण्यासारखं आहे. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स सुरू केलं. पुढे त्यात जाळ्याचं जे काम झालं ते बीएसडीची संहिता उचलून नव्हे, स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. आज्ञांची नावं तेवढी तीच ठेवली. लिनक्समध्ये दोन प्रोसेसनी रीयूज-अ‍ॅड्रेस लावून एकच पोर्ट मागितलं आणि दोघींपैकी कुणीच अजून दाराशी बसलेली नसेल, तर बाइंड दोघींनाही होकार देतं. पण एक ‘लिसन’ म्हणाली की दुसरीची ‘लिसन’ फेटाळली जाते आणि ९८ क्रमांकाची तक्रार तिथे उमटते. पहारेकरी एका दारावरून उठून पुढच्या दारावर बसला, एवढंच. शिवाय एखादा प्रोग्राम यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसला असेल, तर त्याच पोर्टवर एखादा विशिष्ट पत्ता धरून बसायला लिनक्स दुसऱ्याला मज्जाव करतं. ही खबरदारी महत्त्वाची आहे, कारण जाळ्याच्या रीतीत विशिष्ट पत्त्याला सर्वसाधारण पत्त्यापेक्षा अधिक मान असतो. मज्जाव नसता तर मागून आलेला परका प्रोग्राम पहिल्याच्या तोंडचा घास पळवू शकला असता.

हा धोका काल्पनिक नव्हता. विंडोजने याच नावाचा पर्याय घेतला खरा, पण तिथे त्याचा अर्थ बराच सैल होता : दुसरा प्रोग्राम चालू सर्व्हरचं पोर्ट सरळ बळकावू शके. ते बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टला विंडोज एनटी ४.०च्या चौथ्या सर्व्हिस पॅकबरोबर ‘हा पत्ता फक्त माझा’ असं सांगणारा उलटा पर्याय द्यावा लागला. पर्यायाचं नाव एक, पण तीन प्रणालींत त्याचे अर्थ तीन. एका प्रणालीवर शिकलेली खात्री दुसरीवर घेऊन जाणाऱ्या प्रोग्रामरांची त्यामुळे नेहमीच फसगत होत आली आहे.

दुसरी सवलत : अनेक श्रोते

दुसरी गरज वेगळ्या दिशेने आली. ऑगस्ट १९८९मध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी मल्टिकास्टची पद्धत मांडणारी नियमावली प्रसिद्ध केली. एकदा पाठवलेला निरोप अनेकांनी ऐकायचा, आकाशवाणीसारखा. मग एकाच यंत्रावरच्या दोन प्रोग्रामांना तो ऐकायचा असेल, तर दोघांनाही तेच पोर्ट हवं. इथे एकच धनी हा नियम निरर्थक होता. रेडिओवर कुणाची मालकी नसते. ४.४बीएसडीमध्ये यासाठी ‘रीयूज-पोर्ट’ हा आणखी मोकळा पर्याय आला. सगळ्यांनी तो लावला असेल तर सगळ्यांना तेच पोर्ट मिळेल.

लिनक्सने तो लगेच घेतला नाही. मल्टिकास्टची गरज त्याने यूडीपीसाठी रीयूज-अ‍ॅड्रेसच्याच अर्थात भागवली. पण लिनक्सच्या मूळ संहितेत एक मौजेची खूण वर्षानुवर्षं होती. पर्यायांच्या यादीत रीयूज-पोर्टसाठी १५ हा आकडा राखून ठेवलेला, आणि त्या ओळीवर ‘जोडायचं आहे’ अशा अर्थाची टीप. चाळीच्या वहीत खोलीला नंबर पडलेला, पण बांधकाम झालेलं नाही, असा तो प्रकार होता.

बांधकाम झालं ते मल्टिकास्टसाठी नव्हे, गर्दीसाठी. जुना वेब सर्व्हर एक पोर्ट उघडे आणि आपल्यासारखी पिल्लं जन्माला घाली. सगळी पिल्लं आईने उघडलेल्या त्याच दाराशी रांगेत थांबत. १९९५मध्ये आलेल्या अपाचेने ही पद्धत लोकप्रिय केली. इथे नियम अबाधित होता, कारण दार एकच, उघडणारी एकच. पण प्रोसेसरमध्ये गाभ्यांची संख्या वाढत गेली तशी या एका दारावर रेटारेटी होऊ लागली. एकाच रांगेसाठी सगळे गाभे भांडत, कुणाच्या वाट्याला भरमसाट काम येई तर कुणी रिकामा राही.

गूगलच्या टॉम हर्बर्ट यांनी यावर लिहिलेली सुधारणा एप्रिल २०१३मध्ये आलेल्या लिनक्स ३.९मध्ये दाखल झाली आणि राखून ठेवलेला १५ हा आकडा वापरात आला. आता अनेक प्रोसेस एकच पोर्ट स्वतंत्रपणे उघडू शकतात, प्रत्येकीची रांग वेगळी. नवी जोडणी आली की कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, चार आकडे घेतो : येणाऱ्याचा पत्ता, येणाऱ्याचं पोर्ट, आपला पत्ता, आपलं पोर्ट. ते गणिताच्या चरकातून काढतो आणि जो आकडा निघेल त्याप्रमाणे ती जोडणी एका रांगेत टाकतो. भांडण मिटलं, काम समान वाटलं गेलं. मे २०१५मध्ये एनजिनएक्सनेही ही सोय घेतली. नामव्यवस्थेचे सर्व्हर, मोठमोठे वेब सर्व्हर यांना या सुधारणेने खरोखर बळ दिलं.

परक्याने घुसू नये म्हणून दोन अटी घातल्या होत्या. पोर्ट घेणाऱ्या पहिल्या प्रोसेसपासून प्रत्येकीने बाइंडच्या आधी हा पर्याय लावलेला असला पाहिजे, आणि सगळ्या एकाच वापरकर्त्याच्या नावावर चालणाऱ्या असल्या पाहिजेत. चोराविरुद्ध या अटी पुरेशा आहेत. पण घरच्याच माणसाने तोच सर्व्हर चुकून दोनदा सुरू केला तर? दोन्ही प्रतींत पर्याय लावलेला, दोन्ही एकाच वापरकर्त्याच्या. अटी तंतोतंत पुऱ्या होतात. दुसऱ्या प्रतीला सन्मानाने आत घेतलं जातं.

न दिसलेली तक्रार

याचा परिणाम काय होतो ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशप्रणालीत अर्जाची मुदत चार दिवसांनी वाढवली होती. प्रोग्रामची नवी प्रत रात्री सुरू केली गेली. सकाळपासून फोन यायला लागले : मुदत संपली असं दिसतंय. कर्मचाऱ्यांनी आपल्या संगणकावर पाहिलं तर मुदत चालू. फोन करणाऱ्यांना सांगितलं, पान पुन्हा उघडा. काहींना पुन्हा उघडल्यावर अर्ज दिसला, काहींना नाही, काहींना दिसून परत गेला. दुपारपर्यंत ‘तुमचं नेट चांगलं नसेल’ हेच उत्तर दिलं जात होतं. या घोळात मला आणि आणखी दोघांना बोलावलं गेलं.

नोंदी निर्मळ होत्या. कुठेही एकही चूक नोंदलेली नव्हती. शेवटी ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढली, तेव्हा एकाच पोर्टसमोर दोन ओळी दिसल्या, दोन वेगवेगळ्या प्रोसेसच्या. जुनी प्रत मेलीच नव्हती. ती थांबवणारी आज्ञा एका फाइलमधून तिचा क्रमांक वाचत असे. ती फाइल आधीच्या कुठल्याशा साफसफाईत पुसली गेली होती, आणि क्रमांक न मिळाल्यावर आज्ञेने काहीच चालू नाही असं धरून पुढची पायरी गाठली. वापरलेल्या वेब-चौकटीत रीयूज-पोर्ट लावलेलंच होतं. दहा वर्षांपूर्वी अशा वेळी नवी प्रत ९८ म्हणून ओरडली असती आणि रात्रीच घोटाळा उघड झाला असता.

येणाऱ्याचं पोर्ट दर नव्या जोडणीला बदलतं, त्यामुळे पान पुन्हा उघडलं की चरकातून वेगळा आकडा निघू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना कधी नवं, कधी जुनं दिसत होतं. कर्मचाऱ्यांची जोडणी सकाळपासून उघडी राहिली होती, म्हणून त्यांना सतत नवंच दिसलं. जुनी प्रत मारल्यावर सगळं सुरळीत झालं. ज्यांनी सकाळी ‘मुदत संपली’ वाचलं आणि पुन्हा पाहिलंच नाही, त्यांचा आकडा कुठल्याच नोंदीत नाही, कारण यंत्राच्या लेखी त्यांना उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं वेगळं उत्तर

मग रीयूज-पोर्ट वापरूच नये का? गरज नसेल तर नये, हे पहिलं उत्तर. अनेक सर्व्हरांची गर्दी एवढी नसते की त्यांना ते लागावं, आणि न लावलं तर जुना पहारेकरी आजही जागा आहे. पण जिथे ते लागतं तिथे दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे ‘एकच प्रत चालू आहे ना’ याला, वेगळं उत्तर द्यावं लागतं. इतिहासात त्याची तीन उत्तरं सापडतात.

सर्वांत जुनं उत्तर क्रमांकाच्या फाइलचं. प्रत्येक सर्व्हर सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. दुसरी प्रत ती फाइल पाहून माघारी फिरते. हा पाटीवर नाव लिहिण्यासारखा प्रकार झाला. माणूस गेला तरी पाटी राहते. सर्व्हर कोसळला की फाइल मागे उरते आणि तोच क्रमांक पुढे भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो. उलट पाटी पुसली गेली तर आत माणूस असूनही खोली रिकामी वाटते. प्रवेशप्रणालीत हेच झालं. शिवाय पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये क्षणाची फट असते. दोन प्रती त्या फटीत एकदम शिरल्या तर दोघींनाही फाइल दिसत नाही. पोर्टवर कुणी ऐकतंय का हे आधी जोडून पाहायचं आणि मग उघडायचं, या युक्तीतही हीच फट आहे.

दुसरं उत्तर, दार स्वतः न उघडता मालकाकडे सोपवणं. १९८६च्या ४.३बीएसडीमध्ये ‘आयनेटडी’ नावाचा प्रोग्राम आला. तो एकटा अनेक सेवांच्या पोर्टांवर बसे आणि कुणी आलं की त्या त्या सेवेला उठवी. पुढे हा विचार मागे पडला. २००५मध्ये अ‍ॅपलच्या ‘लाँचडी’ने तो नव्याने आणला, आणि २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांच्या ‘सिस्टिमडी’ने लिनक्समध्ये. इथे पोर्ट यंत्राच्या पहिल्या प्रोसेसच्या ताब्यात असतं आणि सर्व्हरला ते उघडलेलं हातात मिळतं. एका नावाची सेवा पुन्हा सुरू करा म्हटलं तर ती चालूच आहे एवढंच कळतं. आणि कुणी हाताने दुसरी प्रत सुरू करून स्वतः पोर्ट मागितलं, तर मालकाने रीयूज-पोर्ट लावलेलं नसल्यास तिला तक्रार ऐकावी लागते. आईने दार उघडून पिल्लांना वाटून देण्याची अपाचेची जुनी रीतही याच जातीची. काम वाटायचं, पण दाराची मालकी वाटायची नाही.

तिसरं उत्तर मला सर्वांत निकोप वाटतं : कुलूप. सर्व्हरने पोर्टला हात लावण्याआधी एक ठरलेली फाइल उघडायची आणि ‘फ्लॉक’ या आज्ञेने तिच्यावर एकट्याचं कुलूप मागायचं, तेही न थांबता. मिळालं तर पुढे जायचं आणि रीयूज-पोर्टसह हवी तेवढी दारं उघडायची. नाही मिळालं तर स्पष्ट शब्दांत तक्रार नोंदवून बाहेर पडायचं. क्रमांकाच्या फाइलशी याचं वरवर साम्य आहे, पण फरक मुळातला आहे. इथे फाइलमध्ये काय लिहिलंय याला महत्त्व नाही, ती फाइल कुणी धरून ठेवली आहे याला आहे. प्रोसेस कशीही मेली, अगदी धडाधडा कोसळली, तरी तिच्या हातातलं कर्नल काढून घेतो आणि कुलूप आपोआप सुटतं. मागे शिळं काही उरत नाही. पाहणं आणि घेणं ही एकच क्रिया असल्यामुळे फटही उरत नाही.

पथ्यं मात्र पाळावी लागतात. कुलपाची फाइल पुसायची नाही. पुसली तर एक प्रत जुन्या फाइलवर आणि दुसरी त्याच नावाच्या नव्या फाइलवर कुलूप लावून बसते, आणि दोघींनाही आपणच एकट्या वाटतो. पिल्लांना जन्म देताना उघडी फाइल त्यांच्याकडे जाते, त्यामुळे आई मेली तरी एखादं पिल्लू कुलूप धरून ठेवू शकतं. आणि हे कुलूप एका यंत्रापुरतं आहे. दहा यंत्रांत मिळून एकच प्रत हवी असेल तर तो प्रश्न वेगळा आणि पुष्कळ अवघड आहे.

कधी कधी दोन प्रती मुद्दाम एकत्र हव्या असतात, हेही खरं. सेवा क्षणभरही न थांबवता नवी आवृत्ती आणायची तर नवी आल्यावरच जुनी गेली पाहिजे. लिनक्सच्या कर्त्यांनी याचीही काळजी घेतली. सुरुवातीला दाराशी बसणाऱ्यांची संख्या बदलली की अर्धवट जुळलेल्या जोडण्या तुटण्याचा संभव असे. २०२१च्या लिनक्स ५.१४मध्ये जाणाऱ्याच्या रांगेतल्या अशा जोडण्या दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय आली. पण खांदेपालट म्हणजे चुकून दोघं असणं नव्हे. खांदेपालटात जुन्याला ठाऊक असतं की नवा आला आहे, आणि नव्याला ठाऊक असतं की जुना कधी जाणार. हे ज्ञान पोर्ट देत नाही, ते प्रोग्रामने स्वतः ठेवावं लागतं.

हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट मला सारखी खुणावत राहिली. बाइंड ही आज्ञा १९८३च्या ४.२बीएसडीमध्ये आली, हे वर आलंच आहे. फ्लॉकही त्याच आवृत्तीत आली. पत्ता कुणाचा हे विचारण्यासाठी एक आज्ञा आणि एकटा मीच ना हे विचारण्यासाठी दुसरी, अशा दोन्ही बर्कलीच्या त्या मंडळींनी एकाच वर्षी आपल्या हातात ठेवल्या होत्या. पहिलीतून दोन्ही कामं भागत होती म्हणून दुसरीकडे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी फारसं पाहिलं नाही. २०१३ नंतर पहिलीतून ती भागत नाहीत, हे अजून सगळ्या सर्व्हरांपर्यंत पोचलेलं नाही. जिथे पोचलेलं नाही तिथे आजही एकाच पोर्टसमोर दोन ओळी उभ्या असतील, आणि यादी काढून पाहिल्याशिवाय त्या दिसणार नाहीत.